अक्षता झटकून विमानात बस

मांडवात तुझ्याशी चार शब्द बोलायला मिळायचे नाहीत, म्हणून आजच सांगून ठेवते. जावईबापू, तुम्हीही खुर्ची पुढे ओढा. मधुचंद्राला न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउनला जाऊन पुलावरून उडी मारणार, विमानातून उडी मारणार, मिलफर्ड साउंडमध्ये कयाक वल्हवणार, हे सगळं हिच्या आईकडून कळलं. उड्यांबद्दल मी काही बोलत नाही. कावाराऊच्या त्या पुलावर १९८८ पासून माणसं पायाला दोर बांधून ४३ मीटर खाली जातायत आणि दात काढत परत येतायत. मला धास्ती आहे ती त्याआधीच्या प्रवासाची. लेकाकडे ऑकलंडला चार वेळा जाऊन आले आणि चारही वेळा आम्हा नवरा-बायकोचं भांडण झालं ते विमानातच. जमिनीवर कधी नाही.

पहिली गोष्ट नावाची. पासपोर्टवर जे नाव, तेच व्हिसावर, तेच तिकिटावर. हौसेनं सासरचं आडनाव लावून तिकीट काढलं असशील तर आजच एजंटला फोन कर. नाव बदलायचं ते परत आल्यावर बदल. नाही बदललंस तरी मला चालेल. तिकीट सिंगापूरमार्गे सलग एकच आहे ना, तेही विचार. दोन वेगवेगळी तिकिटं असली तर सामान मध्ये उतरवून घ्यावं लागतं, त्यासाठी बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडायला सिंगापूरचा व्हिसा लागू शकतो.

आणि सत्यनारायण झाला की त्याच रात्री विमान, हा बेत कोणाचा? दोन दिवस मध्ये ठेवा. चार रात्री न झोपलेली नवरी विमानात झोपत नाही गं, नुसती डोळे मिटून चिडत बसते.

आता नीट ऐक, कारण हे तुला कोणी सांगणार नाही. न्यूझीलंडमध्ये चोरापेक्षा बीला जास्त घाबरतात. बाहेरची कीड, बाहेरचं बी, बाहेरची माती त्यांना देशात नको असते. तू लग्नाच्या घरातून निघणार. पर्सच्या कोपऱ्यात अक्षता असतील, ओटीचे तांदूळ असतील, सुपारी असेल, शालूच्या घडीत गहू अडकलेला असेल. पर्स उलटी करून झटक. यांच्या कोटाचे खिसेही. रुखवतातले लाडू आणि चिवडा न्यायचाच असेल तर देशात शिरण्यासाठी जो फॉर्म भरायचा असतो, त्यात खाण्याच्या प्रश्नाला ‘हो’ लिहा. तो निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर भरता येतो. सांगितलेलं असलं तर फार तर काढून घेतात, दंड नाही. न सांगता सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर. मध मात्र नेऊच नका.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. पहिल्या खेपेला आमच्या ह्यांनी विमानात मिळालेलं सफरचंद ‘नंतर खाऊ’ म्हणून पिशवीत टाकलं. ऑकलंडला सामानाच्या पट्ट्यापाशी एक गोड कुत्रं आलं, पिशवी हुंगली आणि समोर बसलं. हे त्याला गोंजारायला वाकले! एवढं महाग सफरचंद आमच्या सात पिढ्यांत कोणी आणलं नव्हतं, आणि तेही खायला मिळालं नाही.

तीच गोष्ट ट्रेकच्या बुटांची. पावसाळ्यात हरिश्चंद्रगड केलात ना दोघांनी? ती माती अजून तळव्याच्या खाचांत बसलेली असणार. जुना टूथब्रश घेऊन धुवा, सुकवा, आणि वापरलेले बूट आहेत हेही फॉर्मवर लिहा. बूट पायात घालून गेलात तर सामानाचं वजन वाचतं, पण विमानात नाड्या सैल ठेवा.

कारण बसून बसून पाय सुजतात. मागे एका वैमानिकानं समजावलं होतं : विमानाच्या आतली हवा जमिनीवरच्यासारखी नसते, १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तेवढीच दाबाची ठेवतात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्याही वर तू दहा तास बसून राहणार, आणि हवा वाळवंटासारखी कोरडी. म्हणून सांगते, नवी जोडवी काढून ठेव. मंडपात बोटात घट्ट बसवलेली जोडवी समुद्रावर कुठेतरी रुतायला लागतात आणि मग निघता निघत नाहीत. सासूबाईंना काय वाटेल, हे मी बघते. हिरव्या चुड्याचंही तेच. काच आहे, झोपेत दांड्यावर हात आपटला तर लागेल. मंगळसूत्र छोटं घाल, बाकी सोनं लॉकरमध्ये. उडी मारताना दागिने काढायलाच लावतात.

दर दोन तासांनी उठून चालून यायचं, बसल्या जागी पोटऱ्या हलवायच्या, पाणी थोडं थोडं प्यायचं. एका जागी तासन् तास बसलं की पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती चेष्टा नाही. बाटली रिकामी न्या. सिंगापूरला तपासणी बहुतेक गेटपाशीच होते, भरलेली बाटली तिथे टाकावी लागते. लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही, आणि खालच्या बॅगेत घातलं तर तेल कुठवर जातं हे माझ्या नारायणपेठी साडीला विचार. पॉवर बँक नेमकी उलट : ती हातातल्याच बॅगेत.

बॅगा भरताना एक त्याची, एक हिची असं करू नका. दोघांचे निम्मे निम्मे कपडे दोन्हींत घाला. एक बॅग हरवली तर दोघांनाही कपडे उरतात. शाकाहारी जेवण निदान २४ तास आधी कळवावं लागतं, आणि ते आधी येतं. एकट्या हिनं मागवलं तर ही जेवून मोकळी होईल आणि तुम्ही, जावईबापू, अर्धा तास तिच्या रिकाम्या ताटाकडे बघत बसाल. दोघंही एकच मागवा.

आणि ते खांद्यावर डोकं ठेवून झोपणं सिनेमात ठीक आहे. दहा मिनिटांनी खांद्याला मुंग्या येतात, सांगायला लाज वाटते, आणि मग राग भलत्याच गोष्टीवर निघतो. पाळी लावा. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं पासपोर्ट, पाणी आणि जेवणाची गाडी सांभाळायची. कडेच्या सीटवर कोण, मध्ये कोण, तेही सिंगापूरला बदला. ज्याची झोपायची पाळी नाही त्यानं सिनेमा बघावा, गप्पा मारू नयेत. हा प्रवास मधुचंद्रात धरूच नका. कुळाचाराला बसल्यासारखा पार पाडा. मधुचंद्र क्वीन्सटाउनला.

तिथवर पोचायला आणखी एक टप्पा आहे. ऑकलंडला बॅगा उतरवून घ्यायच्या, तपासणी करून घ्यायची आणि देशांतर्गत विमानासाठी पुन्हा द्यायच्या. दुसरं टर्मिनल दहा मिनिटं चालत आहे. जमिनीवर हिरवी रेघ आखली आहे, तिच्यावरून चालत राहा. मधे तीन तास तरी ठेवा.

डिसेंबरात त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास असतं. तिथले सकाळचे साडेआठ म्हणजे तुमच्या शरीराला मध्यरात्रीचा एक. सगळे सांगतात की पोचल्या पोचल्या सकाळच्या उन्हात फिरा. मी दोनदा फिरले आणि आठवडाभर भुतासारखी जागी होते. लेकाच्या डॉक्टर मित्रानं सांगितलं, एवढ्या पूर्वेला गेलं की सकाळचं ऊन शरीराला उलट मागे ढकलतं. पहिले दोन दिवस दुपारी बारापर्यंत गॉगल लावून सावलीत राहा, मग मनसोक्त ऊन घ्या. मला लागू पडलं बाई. दुपारी झोपलात तर अर्धाच तास, गजर लावून.

पहिल्या दिवशी गाडी चालवायची नाही. रस्ता आपल्यासारखाच डावीकडून आहे, म्हणूनच माणूस बेसावध होतो आणि डोळा लागतो. उडीसुद्धा तिसऱ्या दिवशी.

पोचलात की आईला फोन करशील, पण तिथे सकाळचे आठ वाजले तर इथे रात्रीचे साडेबारा, ती दचकून उठेल. मला कर. मी जागीच असते.