पदवीनंतरची पहिली तीन वर्षे

जून-जुलै महिन्यांत विद्यापीठांचे निकाल लागतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ग्रामपंचायत व तलाठी कार्यालयांत दाखल्यांसाठी येणाऱ्या तरुणांची गर्दी वाढते. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीच्या प्रमाणपत्रासाठी लागणारी कागदपत्रे अशी मागणी असते. दाखला कशासाठी हवा असे विचारल्यास पुष्कळदा उत्तर मिळते, “कुठे तरी अर्ज करायचा आहे.” या उत्तरातील ‘कुठे तरी’ हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक असे ते चौघे. पदवीधर मोजके आणि जागा मोकळ्या, असा तो काळ होता. तरीही भांडारकरांना प्रथम सिंधमधील हैदराबाद आणि नंतर रत्नागिरी येथील शाळेत मुख्याध्यापकाचे काम करावे लागले. संस्कृतचे प्राध्यापकपद त्यानंतरचे. पदवी म्हणजे निश्चित स्थान, ही समजूत मात्र त्या पिढीपासून समाजात रुजली आणि पदवीधरांची संख्या लाखांवर गेली तरी ती हटलेली नाही.

आजची स्थिती आकड्यांत पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारताच्या रोजगारविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते केवळ ३.४ टक्के होते. हे आकडे वाचून शिक्षणच निरुपयोगी ठरले असा निष्कर्ष काढला जातो, तो बरोबर नाही. जो काम शोधत आहे किंवा कामासाठी उपलब्ध आहे, परंतु ज्याला काम नाही, त्याचीच गणना बेरोजगारांत होते. निरक्षर तरुणाला बेरोजगार राहणे परवडत नाही. मिळेल त्या मजुरीवर तो दुसऱ्या दिवशी जातो आणि पाहणीत रोजगारप्राप्त ठरतो. पदवीधराला मात्र त्याचे घर काही काळ थांबू देते. बापाची दोन एकर कोरडवाहू जमीन, आईचे शिलाईयंत्र, थोरल्या भावाचा पगार यांवर ही प्रतीक्षा चालते. तिचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

या प्रतीक्षेला मुदत नसणे ही खरी अडचण आहे. राज्य शासनाने २०१६ मध्ये शासकीय सेवाप्रवेशाची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे केली. ग्रामीण भागात शिक्षण उशिरा पूर्ण होते, जाहिराती वेळेवर निघत नाहीत, हे ध्यानी घेता ही सवलत न्याय्यच होती. परंतु एकविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्या तरुणापुढे तिने सतरा वर्षांचे मोकळे मैदानही उभे केले. “अजून वय आहे” हे वाक्य घरात दरवर्षी उच्चारले जाते. पुण्याच्या सदाशिव व नारायण पेठांतील अभ्यासिकांत, आणि आता तालुक्याच्या गावीही, हे वाक्य ऐकू येते.

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःची चूक सांगणे योग्य होईल. तालुक्याच्या एका महाविद्यालयात अध्यापन करीत असताना शेतकरी कुटुंबातील एक गुणी विद्यार्थी दर दिवाळीला भेटावयास येई. पूर्वपरीक्षा दोनदा उत्तीर्ण झाला, मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिला. “प्रयत्न सोडू नकोस” हेच मी त्याला सलग पाच वर्षे सांगितले. सहाव्या वर्षी तो आला नाही. नंतर कळले की, धाकट्या बहिणीचे शिक्षण बारावीनंतर थांबवून त्याच्या खोलीचे भाडे भरले जात होते. मी एकदाही विचारले नव्हते की, घरी कसे चालले आहे आणि किती दिवस चालेल. शिक्षकाचा उत्साहवर्धक शब्द फुकट नसतो, त्याची किंमत दुसराच कोणी मोजत असतो, हे मला फार उशिरा उमगले.

यास्तव पदवी हाती येताच प्रयत्नांची मुदत ठरवून घ्यावी आणि ती घरातील सर्वांना ठाऊक असावी. तीन वर्षे हा हिशेब सामान्यतः पुरेसा आहे. एका परीक्षेचे स्वरूप कळण्यास पहिले वर्ष जाते, उरलेल्या दोहोंत आपली कुवत समजते. या काळात हाताला काही कमाईचे काम असावे. अभ्यास पूर्णवेळच हवा असे शिकवण्यांच्या जाहिराती सांगतात, पण नोकरी सांभाळून उत्तीर्ण होणारेही दरवर्षी असतात.

असे काम कोठे आहे? शिकाऊ उमेदवारी म्हणजे आयटीआय, अशी गावोगाव समजूत आहे. वस्तुतः १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीचे पदवीधर त्याच्या कक्षेत आले आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही हा मार्ग खुला झाला. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आले आणि पदवीधरासाठी दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरले. तालुक्यातील साखर कारखाना, सहकारी बँक, दूध संघ येथे या नियमाची आठवण करून देणे सरपंचाच्या किंवा प्राचार्यांच्या हातचे आहे.

राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत पदवीधरास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठेवले होते आणि प्रशिक्षणाचा आरंभीचा काळ सहा महिन्यांचा होता. अनेक प्रशिक्षणार्थी शाळा व ग्रामपंचायतींतच रुजू झाले. मुदत संपल्यावर कायम करण्याची मागणी झाली, ती समजण्यासारखी होती. अशा प्रशिक्षणातून नोकरीचा हक्क निर्माण होत नाही, ही गोष्ट कार्यालयप्रमुखाने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावयास हवी. महिनाअखेर शिकलेल्या कामाची नोंद असलेले पत्र द्यावे. पुढील मुलाखतीत विद्यावेतनापेक्षा त्या पत्राचा उपयोग अधिक होतो.

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि अकुशल श्रमाची तयारी असलेल्या ग्रामीण प्रौढास कामाचा कायदेशीर हक्क मिळाला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, अशी ती हमी होती. पदवीधराच्या शिक्षणास साजेशा कामाची अशी कोणतीही हमी नाही. मात्र त्या योजनेतील एक पद्धत ग्रामपंचायतीला उचलता येईल: मागणीची नोंद आणि तारीख.

निकालानंतर लगेच १५ ऑगस्टची ग्रामसभा येते. त्या वर्षी पदवीधर झालेल्या गावातील मुलामुलींची यादी ग्रामसेवकाने तत्पूर्वी तयार करावी. शिक्षकांच्या मदतीने हे काम दोन दिवसांचे आहे. नाव, विषय, सध्या काय करतो वा करते, आणि कोणते काम चालेल, असे रकाने पुरेत. शेवटचा रकाना ‘कोणत्या तारखेपर्यंत’ असा ठेवावा आणि तो ज्याचा त्याने, घरच्यांशी बोलून, स्वतःच्या हाताने भरावा. मुलींच्या बाबतीत हा रकाना वडीलच भरू पाहतील. तेथे अंगणवाडी सेविकेला किंवा शिक्षिकेला घरी पाठवावे.