मंडळीतील अढी आणि तिचे मूळ

शास्त्रपाठ : गणना अध्याय १२, ३ योहान, फिलिप्पै ४:१–३, मत्तय ५:२३–२४.
मुखपाठ करण्याचे वचन : फिलिप्पै २:३.



खेड्यातील मंडळी कशामुळे फुटते, ह्याचा शोध केला असता असे दिसून येते की, बाप्तिस्मा किंवा तारण ह्यांविषयीच्या मतभेदाने फुटलेल्या मंडळ्या थोड्या. पुष्कळ ठिकाणी कारण लहान असते. नाताळच्या पंगतीत कोणास आधी वाढले, पंच निवडताना कोणाचे नाव राहून गेले, लग्नाचे बोलावणे कोणाकडून आले नाही, बांधावरून कोणाचे बैल गेले. कारण लहान असते, परंतु ते मनात राहते. दिवसांमागून दिवस जातात, कारणाचा विसरही पडतो, तरी दोन घरे प्रभूच्या मेजापाशी एकत्र येत नाहीत. मनात राहिलेल्या ह्या गोष्टीस आपण अढी म्हणतो, व तिचाच विचार आजच्या पाठात करावयाचा आहे.

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकरी बांधवांस २०१७ सालचा कपाशीचा हंगाम आठवत असेल. त्या वर्षी शेंदरी बोंडअळीने विदर्भात फार नुकसान केले. ही अळी बोंडात शिरते, शिरल्याचे छिद्र बुजून जाते, आणि बोंड वरून हिरवेगार दिसत राहते. वेचणीच्या वेळी मात्र आत कवडी निघते. म्हणून जाणते लोक सांगतात की, फरदड घेऊ नये; हंगाम सरताच पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे करावे; कारण उरलेल्या बोंडांत ही अळी पुढल्या हंगामापर्यंत टिकून राहते. शिवाय एकाने फरदड राखली तर शेजाऱ्याच्या पिकासही धोका होतो. अढीचे तसेच आहे. ती वरून दिसत नाही, ती गेल्या हंगामातून ह्या हंगामात येते, आणि एकाच्या मनात राखलेली अढी सगळ्या मंडळीचे पीक खाते. तिची तीन मुळे शास्त्रातून पाहू.

पहिले मूळ : मत्सर

गणना ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मिर्याम व अहरोन हे मोशेविरुद्ध बोलू लागले. बोलण्यास निमित्त झाले त्याच्या कूशी बायकोचे. परंतु दुसरे वचन वाचावे, म्हणजे खरी गोष्ट बाहेर येते: परमेश्वर काय एकट्या मोशेशीच बोलतो, हा त्यांच्या पोटातील प्रश्न होता. निमित्त एक व मूळ दुसरे, ही मत्सराची नेहमीची रीत होय. आपल्या मंडळीत कोणी उपदेशकाच्या बायकोस नावे ठेवू लागला, तर प्रश्न बायकोचा आहे की उपदेशकास मिळणाऱ्या मानाचा आहे, हे बोलणाऱ्याने प्रथम आपल्या मनास विचारावे.

पुढे मिर्यामेस कोड फुटले व सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवण्यात आले. पंधराव्या वचनाकडे विशेष लक्ष द्यावे. ती परत येईपर्यंत लोकांनी कूच केले नाही. एका बहिणीच्या मत्सरामुळे सगळे इस्राएल सात दिवस एका जागी थांबले. आमची मंडळी वर्षानुवर्षे पुढे का सरकत नाही, असे विचारणाऱ्यांनी हे वचन पुनःपुन्हा वाचावे. आणि जिच्या जिभेने मोशे दुखावला, तिच्यासाठी प्रार्थना करणारा मोशेच होता, हेही विसरू नये.

दुसरे मूळ : मोठेपणाची हाव

योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रेफेस नावाचा एक मनुष्य आहे. त्यास मंडळीत पहिले स्थान हवे होते. प्रेषिताविषयी तो वाईट बोले, प्रवासी बंधूंस घरात घेत नसे, जे घेत त्यांस अडवी, व मंडळीबाहेर घालवी. ह्या दोषांच्या यादीत खोट्या शिकवणीचा एकही शब्द नाही. त्याची शिकवण कदाचित बरोबरही असेल. तरी त्याने मंडळीचे दार बंद केले. मंडळीची किल्ली, पेटी किंवा पेटीवाजा आपल्या घरी आहे म्हणून मंडळी आपली झाली असे ज्यास वाटते, त्याने हे लहानसे पत्र एका बैठकीत वाचून काढावे.

तिसरे मूळ : कुळाचा अभिमान

हे मूळ आपल्या देशात फार खोल गेले आहे. दक्षिणेत तंजावराकडील मंडळ्यांत ख्रिस्ती लोक जातवार वेगळे बसत, व प्रभुभोजनातही जातीचा क्रम पाळला जाई. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन ह्यांनी १८३३ साली पत्र लिहून हा भेद मंडळीतून काढून टाकण्यास सांगितले, तेव्हा पुष्कळांनी मंडळी सोडली, पण जात सोडली नाही. आपल्या महाराष्ट्रात ह्याच्या उलट उदाहरण आहे. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी त्यानंतरही काही काळ आपले सोवळे सोडले नव्हते. पुढे, जात ही माणसाने केली की देवाने, ह्याचा विचार करून त्यांनी ती सोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली घेतला. ही हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात आहे. ज्या स्त्रीने बाप्तिस्म्याआधी जात टाकली तिच्यापुढे, बाप्तिस्म्यानंतर सोयरिकीच्या वेळी पूर्वीची जात विचारणारे आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार?

एकी कशी होते

२९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरास सहा निरनिराळ्या मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. त्याविषयीची बोलणी १९२९ साली सुरू झाली होती, म्हणजे ह्या कामास चाळीसांहून अधिक वर्षे लागली. ती गोष्ट आनंदाची होय. परंतु नागपुरास जे ठरावांनी झाले, ते आपल्या गल्लीत ठरावाने होणार नाही. तेथे एकाला दुसऱ्याच्या दारात जावे लागेल.

कसे जावे, हे पौल शिकवतो. फिलिप्पै येथे युवदिया व सुंतुखे ह्या दोन सेविकांचे पटत नव्हते. भांडण कशाचे, हे पौल लिहीत नाही. बरोबर कोण, हेही तो सांगत नाही. दोघींस तो सारखीच विनंती करतो, एकीस कमी नाही, दुसरीस अधिक नाही. त्यांनी सुवार्तेसाठी केलेले श्रम तो सर्वांदेखत आठवतो, आणि एका विश्वासू सोबत्यास त्यांचे साहाय्य करण्यास सांगतो. निवाडा करणारा पुष्कळदा एक हरलेला व एक जिंकलेला मागे ठेवतो. पौलास दोघीही हव्या होत्या.

प्रभूची आज्ञा तर ह्याहूनही कठीण आहे. अर्पण वेदीपाशी आणले असता, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याजकडे जावे. येथे आपल्या मनातील गाऱ्हाण्याचा प्रश्न नाही, त्याच्या मनातील गाऱ्हाण्याचा आहे. म्हणून ‘त्याने आधी यावे’ असे म्हणण्यास जागाच उरत नाही.

परंतु एक सावधगिरी ठेवावी. अन्यायाविषयी गप्प बसणे म्हणजे एकी नव्हे. मंडळीच्या पैशाचा हिशेब मागणे हे पाप नव्हे. यरुशलेमेत हेल्लेणी विधवांस रोजच्या वाटणीत वगळले जात होते व त्यांच्या लोकांनी कुरकुर केली, तेव्हा प्रेषितांनी त्यांस फूट पाडणारे म्हटले नाही. त्यांनी सात माणसे निवडविली, आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती सर्व हेल्लेणी आहेत. गाऱ्हाणे उघड व योग्य जागी मांडले की त्याची अढी होत नाही. ओट्याओट्यावर कुजबुजले की होते.

उपदेशक बंधूंस तीन गोष्टी सुचवितो. एका घरी चहा घेऊन त्या घरची गोष्ट दुसऱ्या घरी नेऊ नका. उपासनेत उपदेशाच्या आडून कोणास टोमणा मारू नका. ज्यास सांगावयाचे त्यास एकांतात सांगा. दोन्ही पक्षांस समोरासमोर बसविण्यापूर्वी प्रत्येकाबरोबर निराळी प्रार्थना करा.

विचारासाठी प्रश्न

१. मिर्यामेचे निमित्त काय होते व मूळ काय होते? आपल्या गावच्या ताज्या भांडणात निमित्त कोणते व मूळ कोणते?
२. दियत्रेफेसाने काय काय केले, त्याची यादी करा. त्यापैकी आपल्या मंडळीत काही घडते काय?
३. पौलाने युवदिया व सुंतुखे ह्यांपैकी कोणाचाच पक्ष का घेतला नसावा?
४. येत्या प्रभुभोजनापूर्वी कोणाच्या दारात आपणास जावयाचे आहे? ह्याचे उत्तर वर्गात सांगू नका, जाऊन या.

हंगाम सरला की शेत मोकळे करावे, हे आपणास कोणी शिकवावयास नको. मनाचे शेतही तसेच मोकळे करण्याचे धैर्य प्रभू येशू ख्रिस्त आपणा सर्वांस देवो. आमेन.