एम्प्रेस गिरणीच्या आवारात

विद्यार्थिमित्रहो, सुटीत नागपुरास गेलात म्हणजे वडीलमंडळी तुम्हांस महाराजबाग दाखवितात, अजब बंगला दाखवितात, दीक्षाभूमीवर नेतात. गांधीसागर तलावाजवळचे एम्प्रेस गिरणीचे आवार मात्र अभ्यासाचे स्थळ म्हणून कोणी दाखवीत नाही. तेथे माणसे जातात ती खरेदीसाठी, सिनेमासाठी आणि थंड हवेत चार घटका फिरण्यासाठी; कारण गिरणीच्या त्या जागेवर आता मॉल उभा आहे. आपल्या खैरलांजीहून तुमसर गाठावे, तुमसर रोडला आगगाडीत बसावे आणि भंडारा रोड, कामठी करीत नागपुरास उतरावे. एका दिवसात जाऊन येण्यासारखी ही सहल आहे. परंतु जाण्यापूर्वी पुढील माहिती वाचून जा, नाही तर केवळ दुकाने पाहून परत याल.

जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) हे मुंबईचे व्यापारी. त्या काळी कापडाची गिरणी काढावयाची तर ती मुंबईतच, असा सर्वांचा समज होता. जमशेटजींनी हिशेब उलटा मांडला. कापूस पिकतो वऱ्हाड-नागपुरात. तो मुंबईस न्यावयाचा आणि त्याचे कापड पुन्हा इकडेच विकावयास आणावयाचे, हा दुहेरी खर्च कशासाठी? नागपुरास १८६७ मध्ये रेल्वे आलेली होती, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, पाण्यास तलाव होता. १८७४ साली त्यांनी कंपनी स्थापन केली आणि तलावाजवळची दलदलीची जमीन घेऊन ती भरून काढण्यास आरंभ केला. एका सावकाराने तेव्हा कर्ज नाकारले. सोने मातीत ओतणाऱ्यास पैसा कोण देणार, असे तो म्हणाला. पुढे त्यानेच कबूल केले म्हणतात, की या गृहस्थाने माती ओतली आणि सोने काढले.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीस दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. ‘एम्प्रेस’ हे नाव त्यावरून पडले. आरंभी सुमारे तीस हजार चात्या आणि ४५० माग होते. कारभार बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे होता. हे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीतून आलेले. कापडधंद्याचा अनुभव त्यांस मुळीच नव्हता. जमशेटजींची माणसांची पारख येथे दिसते.

आता थोडे यंत्राकडे वळू. जुन्या ‘म्यूल’ यंत्रात एक गाडा पुढे सरके, तेव्हा सूत ओढले जाऊन त्यास पीळ बसे. गाडा मागे जाई, तेव्हा ते गुंडाळले जाई. म्हणजे पिळणे आणि गुंडाळणे ही कामे आळीपाळीने होत. ‘रिंग’ यंत्रात प्रत्येक चातीभोवती एक कडे असते आणि त्या कड्यावरून तारेची चिमुकली कडी धावते. त्यामुळे पीळ देणे व गुंडाळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी अखंड चालतात. इंग्लंडचे गिरणीवाले अजून साशंक होते, त्या वेळी, १८८३ च्या सुमारास, एम्प्रेसमध्ये या यंत्राचे प्रयोग झाले. मुंबईच्या गिरण्यांत कताईखात्यास ‘त्रासन’ म्हणत. ‘थ्रॉसल’ या इंग्रजी यंत्रनामाचा हा कामगारांनी केलेला मराठी अवतार. माझी मातृभाषा कोंकणी. आमच्या किनाऱ्याकडून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांची संख्या इतकी मोठी, की असले शब्द पाहिले म्हणजे मला ते परके वाटत नाहीत.

घरी एक प्रयोग करून पाहा. थोडा कापूस चिमटीत धरून हळूहळू ओढा व पीळ द्या. वैशाखातल्या दुपारी तो धागा चटकन तुटेल; पावसाळ्यात तितका तुटणार नाही. नागपूरचा उन्हाळा तर तुम्हांस ठाऊकच आहे. म्हणूनच या गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रे बसविण्यात आली, आणि आग लागल्यास छतातून पाणी शिंपडणारी योजनाही झाली. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. तशी सक्ती करणारा कायदा देशात १९२३ साली झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

तरीही गिरणी टिकली नाही. १९८० नंतरच्या दशकात ती टाटांकडून राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली.

अशा जागांचे पुढे काय करावे? लंडनमध्ये टेम्स नदीकाठी बँकसाइडचे वीजघर होते. त्याची भव्य वास्तू तशीच राखून २००० साली तेथे कलासंग्रहालय उघडले. यंत्रे होती त्या दालनात आज मुले बागडतात. मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी बाजार झाला, पण उंच धुराडे उभे ठेवले आहे. निदान वर मान करून विचारावेसे तरी वाटते, की हे काय होते? नागपुरास नवे बांधकाम झाले आणि नाव तेवढे जुने राहिले. नाव राखणे म्हणजे वास्तू राखणे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. पोटासाठी जेथे पिढ्यान्‌पिढ्या राबल्या, तेथे एक माग तरी मांडून ठेवावयास काय हरकत होती?

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब तेथे गेलो होतो. मुलांस सरकत्या जिन्याचे कौतुक. ती चार वेळा वर-खाली करून आली. बाहेर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. बोलता बोलता कळले, की ते कताईखात्यात होते.

“बाबा, तुमची जागा कुठे होती हो?” माझ्या मुलीने विचारले.

ते उठले, भिंतीकडे तोंड करून क्षणभर थांबले, मग हाताने दिशा दाखवीत म्हणाले, “भोंगा तिकडे. आमचं खातं या अंगाला. रातपाळी सुटली की इथूनच बाहेर पडायचो आम्ही, अंगभर कापूस.” आणि त्यांनी बाहीवरून हात फिरवून तो झटकून दाखविला.