आधी प्रत, मग बदल
(घरच्या संगणकाची कार्यप्रणाली कशी बदलावी?)

मुलांनो, आपल्यापैकी काही जणांच्या घरी संगणक आहे. कुणाच्या दादाने कॉलेजसाठी घेतलेला, कुणाच्या मामांनी वापरून झाल्यावर दिलेला. अशा पुष्कळ संगणकांवर 'विंडोज १०' ही कार्यप्रणाली आहे. ती तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी तिची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. पडद्यावर तशी सूचना आली की घरात प्रश्न पडतो. संगणक बाद झाला का? नवा घ्यावा लागणार का? की दुकानात नेऊन 'फॉरमॅट मारून' आणायचा?

घाई करू नका. आधी हा पाठ नीट वाचा. महत्त्वाचे मुद्दे वहीत उतरवून घ्या आणि घरी मोठ्यांना वाचून दाखवा.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

संगणकाचा पडदा, कळफलक, माऊस हे भाग आपल्या हाताला लागतात. पण नुसत्या त्यांनी काम होत नाही. तुम्ही 'क' ची कळ दाबलीत, हे कुणाला तरी कळायला हवं. ते अक्षर पडद्यावर उमटवायला हवं. लिहिलेला निबंध आत कुठे ठेवला, ते लक्षात ठेवायला हवं. छपाईचं यंत्र जोडलं तर त्याला काम सांगायला हवं. हा सगळा कारभार पाहणारा जो सूचनांचा संच, त्याला कार्यप्रणाली म्हणतात. बोलताना आपण 'ऑपरेटिंग सिस्टीम' म्हणतो.

या संचाच्याही आवृत्त्या निघतात. विंडोज ९५ ही १९९५ साली आली, विंडोज एक्सपी २००१ साली, विंडोज ७ ही २००९ साली, विंडोज १० ही २०१५ साली आणि विंडोज ११ ही २०२१ साली. जुनी आवृत्ती काढून तिच्या जागी नवी घालणे, यालाच 'अपग्रेड करणे' म्हणतात.

जुनी चालते, मग बदलायची कशाला?

प्रश्न अगदी बरोबर आहे. देखभाल थांबली म्हणून संगणक बंद पडत नाही. कालच्यासारखाच आजही सुरू होतो. पण एक फरक पडतो. इतक्या मोठ्या सूचनासंचात काही फटी राहून जातात. त्या फटींतून परक्या माणसाला इंटरनेटवरून आत शिरता येतं. फट सापडली की कंपनी ती बुजवणारी दुरुस्ती पाठवते. तिलाच 'अपडेट' म्हणतात. देखभाल थांबली म्हणजे ही दुरुस्ती येणं थांबलं. त्यानंतर सापडलेली फट उघडीच राहते. नाव नोंदवणाऱ्या घरगुती संगणकांसाठी कंपनीने एका वर्षाची जादा सोय जाहीर केली, पण तीही तात्पुरतीच.

याने काय होतं, ते २०१७ साली जगाने पाहिलं. त्या वर्षी मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्राम पसरला. तो संगणकातल्या फायली कुलूपबंद करी आणि कुलूप उघडण्यासाठी पैसे मागे. सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून जास्त संगणकांना त्याचा फटका बसला. इंग्लंडमधल्या कितीतरी दवाखान्यांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आता गंमत पाहा. ज्या फटीतून तो शिरत होता, ती बुजवणारी दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती घातली, त्यांच्या संगणकांत त्याला त्या फटीतून शिरता आलं नाही.

तेव्हा इंटरनेट जोडलेल्या संगणकावर देखभाल चालू असलेली कार्यप्रणाली हवी, हे पक्कं.

आपला संगणक नव्या आवृत्तीला पेलेल का?

विंडोज ११ साठी कंपनीने काही किमान अटी घातल्या आहेत. मुख्य अटी अशा:

१. प्रोसेसर ६४ बिटचा, निदान दोन गाभ्यांचा आणि कंपनीच्या मान्य यादीतला असावा.
२. रॅम, म्हणजे काम चालू असताना वापरायची स्मरणशक्ती, निदान ४ जीबी असावी.
३. साठवणीची जागा निदान ६४ जीबी असावी.
४. 'टीपीएम २.०' ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय असावी.
५. 'सिक्युअर बूट' ही सोय चालवण्याची क्षमता असावी. संगणक सुरू होतानाच कुणी भलता प्रोग्राम आत घुसू नये, म्हणून ती असते.

हे सगळं आपण कसं तपासायचं? त्यासाठी मायक्रोसॉफ्टचाच 'पीसी हेल्थ चेक' नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे. तो चालवला की संगणक चालेल की नाही आणि नाही तर कशामुळे, हे तो सांगतो. कधीकधी टीपीएम यंत्रात असते, पण बंद ठेवलेली असते. जाणकाराकडून ती सुरू करून घेता येते. म्हणून एकदा 'नाही' आलं की लगेच निराश होऊ नये.

आणखी एक लक्षात ठेवा. विंडोज १० ची रीतसर प्रत असेल, तर विंडोज ११ घ्यायला पैसे पडत नाहीत. 'संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा, पैसे भरा' असा मजकूर पडद्यावर आला तर तो फसवणुकीचा समजावा. फोन करू नये.

सर्वांत महत्त्वाचे काम

आता पाठाचा मुख्य भाग आला. धान्य खळ्यावरून घरी आलं की जुनी माणसं आधी काय करत? पुढच्या पेरणीचं बी वेगळं काढून ठेवत. मग खायचं आणि विकायचं धान्य. बी हातचं गेलं तर पुढचं वर्ष गेलं, हे त्यांना ठाऊक होतं.

संगणकाचंही तसंच आहे. कार्यप्रणाली पुन्हा मिळते. संगणकही पैसे साठवून पुन्हा घेता येतो. पण आजीचा शेवटचा फोटो, ताईच्या लग्नाची चित्रफीत, आजोबांनी टाइप केलेली भजनं, बचत गटाचा हिशेब, ही कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. म्हणून कार्यप्रणालीला हात लावण्यापूर्वी या सर्वांची दुसरी प्रत काढायची. यालाच 'बॅकअप' म्हणतात.

प्रत कुठे ठेवायची? पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर. काही जण म्हणतात, "आम्ही सगळं 'डी' मध्ये ठेवलंय, काही होत नाही." पण पुष्कळ संगणकांत 'सी' आणि 'डी' हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. पेटीच हरवली तर दोन्ही कप्पे गेले. प्रत संगणकाच्या बाहेर हवी.

काय काय शोधायचं? 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स', 'डाउनलोड्स' ही ठिकाणं पाहा. आणि 'डेस्कटॉप' विसरू नका. समोर दिसतो म्हणून पुष्कळांना तो वेगळाच वाटतो. खरं म्हणजे डेस्कटॉपवरच्या फायलीही बहुधा 'सी' मध्येच असतात. 'सी' पुसलं की त्याही जातात.

किती जागा लागेल, याचं गणित करू. एक फोटो साधारण ४ एमबीचा धरा. फोटो २००० आहेत. २००० गुणिले ४ म्हणजे ८००० एमबी, म्हणजे सुमारे ८ जीबी. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह काठोकाठ भरेल, किंबहुना पुरणारही नाही. १६ जीबीचा घ्यावा.

प्रत काढली की काम संपलं का? नाही. पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावा आणि दहा-बारा फायली उघडून पाहा. उघडल्या तरच प्रत झाली म्हणायची.

जुन्या मराठी फायलींची अडचण

ही गोष्ट आपल्या भाषेची आहे, म्हणून जास्त लक्ष द्या. संगणक अक्षरं आकड्यांच्या रूपात साठवतो. १९९१ साली 'युनिकोड' नावाची जागतिक पद्धत आली. तिच्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा २३२५, 'म' चा २३५०. त्यामुळे युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी कुठल्याही नव्या संगणकावर मराठीच दिसतं.

पण पूर्वी बरंच मराठी टायपिंग वेगळ्या प्रकारच्या फाँटमध्ये होई. तिथे आत साठवलेले आकडे इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे असत. फाँट फक्त त्यांना मराठी रूप देई. तो फाँट संगणकावरून गेला की त्याच फायलीत इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. लोकांना वाटतं, फाइल खराब झाली. फाइल शाबूत असते, तिचा फाँट हरवलेला असतो.

म्हणून फायलींबरोबर ते जुने फाँटही पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. ते 'सी' मधल्या 'विंडोज' या फोल्डरात 'फाँट्स' नावाच्या कप्प्यात असतात. सवडीने तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. मग ही काळजी कायमची मिटते.

बदलण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग: आहे त्याच्यावर नवी आवृत्ती घालणे. 'सेटिंग्ज' मधल्या 'विंडोज अपडेट' मधून हे होतं. यात आपल्या फायली आणि बहुतेक प्रोग्राम जागच्या जागी राहतात.

दुसरा मार्ग: सगळं पुसून नव्याने घालणे. यालाच लोक 'फॉरमॅट मारणे' म्हणतात. संगणक हलका होतो, पण पुसलेल्या कप्प्यातलं सगळं जातं. दुकानातल्या दादांनी "फॉरमॅट मारू का?" असं विचारलं, तर 'हो' म्हणण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारा. प्रत काढली आहे का?

पेन ड्राइव्हवरूनही नवी आवृत्ती घालता येते. त्यासाठी निदान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. सावधान! तो तयार करताना त्याच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. म्हणून प्रतीचा पेन ड्राइव्ह या कामाला वापरू नका. दोन वेगळे घ्या आणि त्यांना चिठ्ठ्या लावा.

बदलाच्या दिवशी

१. पासवर्ड वहीत लिहून ती वही घरात जपून ठेवा.
२. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरा आणि चार्जर लावूनच ठेवा. टेबलावरचा संगणक असेल तर भारनियमनाची वेळ टाळा. यूपीएस असला तर उत्तम.
३. नवी आवृत्ती काही जीबीची असते. मोबाइलचा रोजचा डेटा पुरणार नाही. जिथे भरपूर इंटरनेट आहे तिथे ती उतरवून घ्या.
४. काम चालू असताना संगणक दोन-चार वेळा बंद होऊन आपोआप सुरू होतो. पडदा काळा दिसला म्हणून बटण दाबू नका. धीर धरा.
५. झाल्यावर आवाज, इंटरनेट, छपाईचं यंत्र आणि मराठी कळफलक तपासा. पहिल्या मार्गाने बदल केला असेल आणि तो जमला नाही, तर साधारण पहिल्या १० दिवसांत 'सेटिंग्ज' मधून मागे, विंडोज १० वर जाता येतं. पुढे ती सोय राहत नाही.

संगणक पेलत नसेल तर?

तरी तो भंगारात देऊ नका. 'लिनक्स' ही दुसरी कार्यप्रणाली आहे. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचं काम सुरू केलं. पुढे जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली. तिच्या 'उबुंटू', 'लिनक्स मिंट' अशा आवृत्त्या मोफत मिळतात. आपल्या देशातल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाची आवृत्ती तयार केली आहे. मिंटसारखी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून नुसती चालवून पाहता येते, आतलं काही न पुसता. विंडोजचे काही प्रोग्राम तिच्यावर चालत नाहीत. पण निबंध लिहिणं, हिशेब मांडणं, इंटरनेट पाहणं या कामांना ती पुरते.

हे पक्के ध्यानात ठेवा: आधी प्रत, मग तपासणी, मग बदल. हा क्रम उलटा करू नये.

स्वाध्याय

१. फोटो ३००० आहेत, प्रत्येक ४ एमबीचा. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरेल का? गणित करून सांगा.
२. 'डी' मध्ये ठेवलेल्या फायलींना प्रत का म्हणता येत नाही? दोन वाक्यांत लिहा.
३. जुन्या मराठी फाइलीत इंग्रजी अक्षरं का दिसतात?
४. उपक्रम: घरच्या संगणकात किंवा मोबाइलमध्ये पुन्हा कधीच मिळणार नाहीत अशा कोणत्या गोष्टी आहेत? आई, बाबा, आजी, आजोबांना विचारून यादी करा. त्यांची दुसरी प्रत कुठे आहे, ते प्रत्येक नावापुढे लिहा. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, तिथूनच रविवारी कामाला सुरुवात करा.