परवलीचा शब्द आणि किल्लीचा ठसा

आमच्या विद्यार्थ्यांनी जमविलेला कोंकणी-मराठी शब्दसंग्रह गिट पद्धतीने जतन केलेला आहे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो गिटहबच्या दूरस्थ सर्व्हरवर काही केल्या चढेना. परवलीचा शब्द अचूक होता. मुले तो पुनःपुन्हा टंकित करीत होती. परंतु १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी तेथे खात्याचा परवलीचा शब्द स्वीकारलाच जात नाही. टोकन अथवा एसएसएचची किल्ली लागते. हे आम्ही शिक्षकांनीच वाचले नव्हते!

एसएसएच १९९५ साली फिनलंडमधील तातू इलोनेन यांनी रचले. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यात कोणी परवलीचे शब्द चोरून टिपले, हे त्याचे निमित्त. ह्यात किल्ल्या दोन. जाहीर किल्ली सर्व्हरकडे द्यावयाची, खासगी आपल्याच संगणकात ठेवावयाची. 'परवानगी नाकारली' असे उत्तर आल्यास जाहीर किल्ली खात्यात नोंदली आहे काय, आणि तिच्याच जोडीची खासगी किल्ली पुढे केली जात आहे काय, हे प्रथम पाहावे. लिनक्सवर खासगी किल्लीची फाइल इतरांस वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरीतच नाही. फाइलचा अधिकारांक ६०० करावा.

ह्याहून गंभीर इशारा म्हणजे 'सर्व्हरची ओळख बदलली आहे'. आपण सर्व्हरला ओळख पटवितो, तशी त्यानेही आपणांस पटवावयाची असते. पहिल्या भेटीत त्याच्या किल्लीची नोंद आपल्या संगणकात होते. पुढे ती जुळली नाही, की काम थांबते. २४ मार्च २०२३ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेदहाच्या सुमारास, गिटहबने आपली आरएसए किल्ली बदलली, कारण तिचा खासगी भाग चुकून काही काळ एका सार्वजनिक कोठारात उघडा पडला होता. जुनी नोंद असलेल्यांना हा इशारा दिसू लागला. तेथे चोर नव्हता. पण कोणी मध्येच बसून सर्व्हरचे सोंग घेतले असते, तरी इशारा असाच आला असता! म्हणून चालकांनी अधिकृत पानावर दिलेला ठसा पडद्यावरील ठशाशी ताडून मगच जुनी नोंद पुसावी. पुष्कळजण आधी नोंद पुसतात आणि 'होय' लिहून मोकळे होतात. दारी आलेल्यास नाव न विचारता माजघरात घ्यावे, तसेच हे आम्हांस वाटते.

आमच्या मुलांनी त्या दुपारी नवी किल्ली केली. सर्व्हरचा ठसा प्रथमच समोर आला, तेव्हा एका विद्यार्थिनीने त्याची त्रेचाळीस अक्षरे मोठ्याने वाचली, दुसरी छापील कागदावर बोट फिरवीत राहिली. संध्याकाळच्या आत शब्दसंग्रह चढला.