ताणाचे मोजमाप : भेंडीच्या तारेपासून फवाऱ्याच्या थेंबापर्यंत

भेंडी चिरताना सुरीला लागून तार सुटते, हे प्रत्येक घरात दिसते. ती तार चटकन का तुटत नाही, या प्रश्नातच एका आधुनिक मोजणीशास्त्राचे बीज आहे. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही हा विषय येथे मांडतो, कारण तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील कापूस-मिरचीच्या शिवारापर्यंत येऊन पोहोचतो.

पॉलिमर म्हणजे हजारो कड्यांच्या साखळीसारखे लांब रेणू. पाण्यात ते लोकरीच्या गुंड्याप्रमाणे गुरफटून राहतात. द्रावण ओतले असता त्यांचा विरोध फारसा जाणवत नाही. ताणले असता मात्र ते उलगडतात आणि ताण धरून ठेवतात. साध्या द्रवाचा ताणास होणारा विरोध त्याच्या नेहमीच्या दाटपणाच्या तिप्पट असतो, असे ट्राउटन यांनी 1906 साली दाखवले. पॉलिमरच्या द्रावणात हेच प्रमाण शेकडो पटींवर जाऊ शकते. म्हणून केवळ दाटपणा मोजून भागत नाही.

पातळ द्रावण ताणण्यासाठी काचेत किंवा प्लास्टिकमध्ये केसाएवढ्या रुंदीच्या वाटा कोरून एक चौक तयार करतात. समोरासमोरच्या दोन वाटांनी द्रावण आत येते, उरलेल्या दोन वाटांनी बाहेर जाते. चौकाच्या मध्यबिंदूवर वेग शून्य असतो. तेथे रेंगाळणारे रेणू दोन्ही दिशांना ओढले जाऊन उलगडतात. ध्रुवित प्रकाशात तेथे तेजस्वी रेषा दिसते. त्या तेजावरून आणि लागणाऱ्या जादा दाबावरून विरोध मोजतात. त्यास थोडेच द्रावण पुरते.

फवारणीतही हेच घडते. नोझलमधून निघालेले पाणी ताणले जाऊन तुटते. त्यातील अतिसूक्ष्म थेंब वाऱ्यावर उडतात आणि फवारणाऱ्याच्या श्वासातही जातात. अल्प प्रमाणात योग्य पॉलिमर मिसळल्यास असे थेंब कमी होतात. ते प्रमाण ठरविण्यास ही मोजणी उपयोगी पडते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. त्यामागे कारणे अनेक होती, आणि मुखपट्टी व हातमोजे यांना पॉलिमर हा पर्याय नव्हे. तथापि थेंबाचे शास्त्र कष्टकऱ्याच्या जिवाशी निगडित आहे, हे विसरून चालणार नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरच्या प्रवाहाचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. ज्यांच्या आई-वडिलांनी पाठीवर पंप वाहिला, त्या आमच्या विद्यार्थ्यांनी अशा प्रयोगशाळांत जावे आणि ही मोजणी स्वतःच्या हाती घ्यावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.