फुलं सांगायला जाशील तेव्हा

लग्नाची फुलं ठरवायला निघालीस ना, मग मोबाइलमधला फोटो हारवाल्यापुढे सगळ्यात शेवटी धर. आधी तीन गोष्टी सांग: महिना कोणता, मुहूर्त किती वाजताचा आणि नवरदेव फेटा बांधणार की नाही. अर्धी फुलं तिथेच ठरतात.

फेट्याचं विचारायचं, कारण हार त्याच्यावरून गळ्यात पडायचा असतो. तुऱ्यात नाहीतर मुंडावळ्यांत तो अडकला, की शेवटच्या 'सावधान'नंतर भर टाळ्यांत ओढाताण सुरू होते. म्हणून घरात कुणाला तरी फेटा बांधून घेराला सुतळी लाव आणि ती सुतळीच हारवाल्याच्या हातात दे. वजनही बघ. मंगलाष्टकं म्हणायची हौस असलेल्या मावश्या-काकू आपल्याकडे कमी नाहीत. तेवढा वेळ हार हातात धरून तुलाच उभं राहायचंय. भरगच्च गुलाबांपेक्षा निशिगंधाच्या कळ्यांत मधूनमधून गुलाब घातलेला हार हलका पडतो. तो दोऱ्यातच ओवून घे, तारेत नको. तारेचं टोक शालूच्या जरीत गेलं की धागा निघालाच म्हणून समज.

मोगरा उन्हाळ्याचा. वैशाखात हवा तेवढा मिळेल, तुळशीच्या लग्नानंतरच्या थंडीत महाग पडेल. तेव्हा शेवंती घ्यावी. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते, त्यामुळे सकाळच्या मुहूर्ताला गजरा मिटलेलाच दिसतो. तो रिसेप्शनला माळ. सकाळी खोप्यावर अबोलीची वेणी: वास नाही, पण दिवसभर तजेला राहतो. सोनचाफा मात्र ऐन वेळीच आणायचा, हाताळला की तपकिरी डाग पडतात.

गुलाब निवडताना रंगावर जाऊ नकोस. फुलाच्या बुडाशी, देठाच्या जरा वर, चिमटीत हलकेच दाब. टणक लागला तर ताजा, मऊ लागला तर शिळा. बाहेरच्या एकदोन पाकळ्या हिरवट, सुरकुतलेल्या असतात. तेवढ्यासाठी फूल परत करू नये, त्या पाकळ्या खुडून टाकायच्या.

रिसेप्शनला बुके धरायचा असेल तर ऑर्किड घे, पाण्याबाहेर तासन्‌तास टिकतं. जरबेऱ्याची मान पडते. लिली आवडत असेल तर आतले परागाचे तुरे आधीच कापायला सांग. तो पराग साडीवर पडला तर हाताने झटकायचा नाही, पाणी तर मुळीच लावायचं नाही; चिकटपट्टीने टिपून उचलायचा.

आदल्या दिवशी आणलेले गजरे पिळून घेतलेल्या ओल्या पंच्यात गुंडाळून टोपलीत ठेव, वर केळीचं पान. प्लास्टिकच्या पिशवीत फुलांना घाम सुटतो आणि ती काळी पडतात. मे महिन्यात घरात आंब्यांची आढी असते, तिच्यापासून फुलं लांबच ठेव. पिकत्या फळांतून वायू सुटतो, त्याने ऑर्किड आणि कार्नेशन लवकर माना टाकतात. फ्रिजमध्येही आंब्याशेजारी नकोत.

मोठ्या तिथीला भाव चढतात, तेव्हा इसार लवकर दे आणि हाराची लांबी, फुलं, पोचवायची वेळ चिठ्ठीवर लिहून घे. एक गजरा जास्तीचा सांग. तो, कात्री आणि काळ्या पिना करवलीच्या पर्समध्ये. तुझ्याकडे काहीच ठेवू नकोस. त्या दिवशी तुझे हात मोकळे नसणार.